सागरा प्राण तळमळला

'सागरा प्राण तळमळला' हे विनायक दामोदर सावरकर यांनी १९०९ साली इंग्लंडमधील ब्रायटन येथे रचलेले मराठी गीत आहे. 'ने मजसी ने' या नावानेही ते ओळखले जाते, तर काव्यसंग्रहांत आणि शालेय वाचनात ते 'सागरास' या शीर्षकाने आढळते. मातृभूमीला दुरावलेला तरुण समुद्राला उद्देशून बोलत आहे, अशी या गीताची कल्पना आहे. हृदयनाथ मंगेशकर यांनी दिलेली चाल आणि मंगेशकर भावंडांचे स्वर यांमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गीत महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. गीत लिहिल्यानंतर काही महिन्यांतच कवीला अटक झाली. पुढे अंदमानातील कारावास आणि रत्नागिरीतील स्थानबद्धता त्याच्या वाट्याला आली. या उत्तरचरित्राची छाया गीताच्या आस्वादावर नेहमीच पडत आली आहे.

पार्श्वभूमी

सावरकरांचा जन्म २८ मे १८८३ रोजी नाशिकजवळील भगूर येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते जून १९०६ मध्ये कायद्याच्या शिक्षणासाठी मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले. श्यामजी कृष्णवर्मा यांच्या 'इंडियन सोशिऑलॉजिस्ट' या पत्रात जाहीर झालेली 'शिवाजी शिष्यवृत्ती' त्यांना लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने मिळाली होती. लंडनमध्ये हायगेट भागातील 'इंडिया हाऊस' या वसतिगृहात राहून त्यांनी एकीकडे ग्रेज इन या संस्थेत कायद्याचा अभ्यास चालवला आणि दुसरीकडे क्रांतिकारक तरुणांची संघटना बांधली. जोसेफ मॅझिनीच्या चरित्राचा त्यांचा मराठी ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. १८५७ च्या उठावावरील त्यांच्या ग्रंथावर तर सरकारने तो वाचकांच्या हाती पडण्यापूर्वीच बंदी घातली.

१९०९ हे वर्ष त्यांच्यासाठी आघातांचे ठरले. जून महिन्यात त्यांचे थोरले बंधू गणेश उर्फ बाबाराव सावरकर यांना नाशिक येथे राजद्रोहाच्या आरोपावरून जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हा आरोप शस्त्रांचा नसून कवितांचा होता. कवी गोविंद (गोविंद त्र्यंबक दरेकर) यांची स्वातंत्र्यपर काव्ये छापून प्रसिद्ध केल्याबद्दल ही शिक्षा दिली गेली. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये सर विल्यम कर्झन वायली यांची गोळ्या घालून हत्या केली. ५ जुलैला कॅक्स्टन हॉलमध्ये भरलेल्या सभेत धिंग्रांच्या निषेधाचा ठराव एकमताने संमत झाल्याचे जाहीर होताच सावरकरांनी त्यास उघड विरोध केला. १७ ऑगस्टला धिंग्रांना फाशी देण्यात आले. इंडिया हाऊस बंद पडले, तेथील रहिवासी पांगले आणि सावरकरांवर पोलिसांची पाळत बसली. अभ्यासक्रम पुरा होऊनही ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टरीची सनद देण्याचे नाकारले. याच काळात त्यांचा लहान मुलगा प्रभाकर भारतात वारला.

अशा रीतीने १९०९ च्या अखेरीस ज्या शिक्षणासाठी समुद्र ओलांडला त्याचे फळ हाती नव्हते. मायदेशी परतावे तर अटक अटळ दिसत होती.

रचना

सततच्या धावपळीने प्रकृती ढासळल्यामुळे सावरकर काही दिवस ब्रायटन या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील गावी राहिले. गीताच्या रचनेची तारीख सामान्यतः १० डिसेंबर १९०९ अशी दिली जाते. या प्रसंगी त्यांच्यासोबत निरंजन पाल हा तरुण मित्र होता. तो बंगालचे नेते बिपिनचंद्र पाल यांचा मुलगा. समुद्रकिनारी बसले असता सावरकर मराठीत एक गीत गुणगुणू लागले आणि त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले, अशी आठवण पाल यांनी पुढे लिहिली आहे. गीताच्या जन्माविषयी जे काही प्रत्यक्षदर्शी म्हणून उपलब्ध आहे ते प्रामुख्याने या आठवणीवर आधारलेले आहे. हेच निरंजन पाल पुढे पटकथाकार म्हणून प्रसिद्धीस आले. 'लाइट ऑफ एशिया' (१९२५) आणि बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' (१९३६) हे चित्रपट त्यांच्या लेखनावर आधारलेले आहेत.

मायभाषा न समजणाऱ्या मित्राच्या सान्निध्यात आणि मराठी श्रोता आसपास नसताना ही रचना झाली. ती सभेसाठी किंवा प्रचारासाठी मागणीवरून लिहिलेली नव्हती. सावरकरांचे त्यापूर्वीचे 'जयोस्तुते' हे स्वतंत्रतास्तोत्र (१९०३) किंवा त्यांचे पोवाडे हे श्रोत्यांना चेतवण्यासाठी रचलेले आहेत. 'सागरास' मात्र स्वगताच्या जातीचे आहे.

आशय

गीतात ध्रुपदाखेरीज चार कडवी आहेत. समुद्र हा येथे देखावा नसून वचन देऊन ते मोडणारा एक पात्रविशेष आहे. संपूर्ण गीत म्हणजे त्याच्यावर केलेली फिर्याद होय.

पहिल्या कडव्यात फिर्यादीची हकिगत येते. भूमातेचे पाय धुणाऱ्या सागराला कवीने नेहमी पाहिले होते. त्यानेच परदेशी जाऊन सृष्टीचे वैविध्य पाहण्याचा मोह घातला. आईचे मन वियोगाच्या शंकेने कचरले, तेव्हा वाट माहीत असलेला मी याला स्वतःच्या पाठीवरून लवकर परत आणीन, असे वचन सागराने तिला दिले. जगाच्या अनुभवाने अधिक समर्थ होऊन तिच्या उद्धाराला येईन, या आशेने कवी निघाला.

दुसऱ्या कडव्यात फसगतीची जाणीव आहे. पिंजऱ्यातला पोपट आणि पाशात सापडलेले हरीण या दोन उपमा येथे योजल्या आहेत. याच कडव्यात गीतातील सर्वांत महत्त्वाचा विचार येतो. परदेशात गोळा केलेली विद्या ही आईला सुगंध मिळावा म्हणून वेचलेली फुले होत. ती तिच्या उद्धाराच्या कामी येत नसतील तर त्या विद्येचा भार व्यर्थ आहे. आंब्याचे झाड, फुललेली वेल, गुलाबाचे लहान रोप अशा घरच्या बागेच्या साध्या आठवणींनी कडवे संपते.

तिसऱ्या कडव्यात परक्या देशाचे वैभव आणि मायदेश यांची तुलना आहे. आकाशात नक्षत्रे पुष्कळ असली तरी आपला तारा एकच. येथे प्रासाद असले तरी आईची झोपडीच प्रिय. तिच्यावाचून राज्य नको, तिच्या वनातला वनवासही चालेल, असा हा क्रम आहे. शेवटी कवी सागराला त्याच्याच भाषेत शपथ घालतो. सागर हा नद्यांचा पती. त्याला त्याच्या प्रिय नदीच्या विरहाची शपथ घातली आहे.

चौथ्या कडव्यात विनवणीची जागा रोष घेतो. फेसाच्या मिषाने सागर निर्दयपणे हसतो आहे, असे कवीला दिसते. सध्या सागरावर स्वामित्व मिरवणाऱ्या इंग्लंडला भिऊन तो वचन मोडतो आहे आणि आपल्या आईला अबला समजून फसवतो आहे, हा आरोप येतो. 'सागराची राणी' म्हणवणाऱ्या ब्रिटनच्या आरमारी सत्तेचा हा थेट उल्लेख आहे. अखेरीस, एका आचमनात समुद्र पिऊन टाकणाऱ्या अगस्ती ऋषींकडे गाऱ्हाणे नेण्याची धमकी दिली जाते. भारताच्या पुराणकथांत समुद्राला नमवणारे सामर्थ्य आहे, असा या समारोपाचा भाव आहे.

भाषा आणि रचनाबंध

गीत मात्राबद्ध आहे. प्रत्येक कडव्यात आधी एक दीर्घ आणि एक आखूड अशा ओळींच्या यमकबद्ध जोड्या येतात. मग तीन आखूड ओळी लागोपाठ येतात, ज्या पहिले कडवे वगळता 'रे' या संबोधनाने संपतात, आणि शेवटची ओळ ध्रुपदाशी यमक जुळवून पुन्हा त्याच्याकडे वळते. या तीन 'रे'कारांमुळे त्या कडव्यांचा शेवट हाकेसारखा वाटतो. संगीतकाराला चाल चढवण्यासाठी ही जागा मुळातच तयार मिळाली, असे म्हणता येते.

शब्दकळा संस्कृतप्रचुर आहे. जोडाक्षरे आणि समास विपुल असल्याने आजच्या विद्यार्थ्याला काही शब्द अडतात. तथापि, भावना जेथे तीव्र होते तेथे कवी झोपडी, आई, फुलबाग अशा घरगुती शब्दांकडे वळतो. प्रौढ संस्कृत पदावली आणि लहान मुलाचा हट्ट यांचा संयोग हे या गीताचे वैशिष्ट्य मानले जाते. अचेतन वस्तूला उद्देशून विरहभाव सांगण्याची रीत संस्कृत काव्यात कालिदासाच्या 'मेघदूता'पासून परिचित आहे. तेथे मेघ हा निरोप्या आहे. येथे सागर हा अपराधी आहे.

गीतानंतरच्या घटना

गीताच्या रचनेनंतर अकरा दिवसांनी, २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी जिल्हाधिकारी जॅक्सन यांची अनंत कान्हेरे यांनी हत्या केली. या कटाचे धागे सावरकरांपर्यंत नेण्यात आले. काही काळ पॅरिसमध्ये मादाम कामा यांच्याकडे राहून ते लंडनला परतले तेव्हा १३ मार्च १९१० रोजी व्हिक्टोरिया स्थानकावर त्यांना अटक झाली.

अशा प्रकारे सागराने त्यांना परत आणले ते कैदी म्हणून. 'मोरिया' या बोटीतून भारतात नेले जात असताना ८ जुलै १९१० रोजी फ्रान्समधील मार्सेय बंदरात त्यांनी बोटीच्या खिडकीतून समुद्रात उडी घेतली आणि किनारा गाठला. पण ते लगेच पकडले गेले. त्यांना ब्रिटिशांच्या हवाली करण्याच्या कायदेशीरपणाचा वाद हेगच्या लवादापुढे गेला. फेब्रुवारी १९११ मध्ये तो ब्रिटनच्या बाजूने निकाली निघाला. त्यांना दोन जन्मठेपांची, एकूण पन्नास वर्षांची शिक्षा झाली आणि जुलै १९११ मध्ये त्यांना अंदमानच्या सेल्युलर कारागृहात पाठवण्यात आले.

हा क्रम लक्षात घेतल्यास एका प्रचलित गैरसमजाचे निरसन होते. हे गीत अंदमानात किंवा मार्सेयच्या उडीच्या प्रसंगी रचले गेले, असे पुष्कळदा सांगितले जाते. प्रत्यक्षात ते या दोन्हींच्या आधीचे आहे. गीतातील पिंजरा हा तुरुंगाचा नसून परदेशातील मोकळ्या आयुष्याचा आहे. हा फरक ध्यानात घेतला नाही तर विद्येच्या व्यर्थ भाराविषयीचे दुसरे कडवे नीट उलगडत नाही.

रत्नागिरीशी संबंध

१९२१ मध्ये सावरकरांना अंदमानातून भारतात आणले गेले. काही काळ ते रत्नागिरीच्या आणि नंतर येरवड्याच्या तुरुंगात होते. ६ जानेवारी १९२४ रोजी त्यांची सशर्त सुटका झाली. रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचे नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही, या त्या अटी होत्या. पाच वर्षांची ही मुदत वाढत जाऊन १० मे १९३७ पर्यंत टिकली.

समुद्राने मायदेशी न्यावे अशी विनवणी करणारा कवी या वेळी मायदेशाच्याच किनाऱ्यावर होता. मात्र जिल्ह्याची सीमा ओलांडण्याची मुभा त्याला नव्हती. या तेरा वर्षांत अस्पृश्यतानिवारण, सहभोजने, भाषाशुद्धी व लिपिसुधारणा ही त्यांची प्रमुख कार्ये ठरली. दानशूर भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले आणि सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर १९३१ मध्ये रत्नागिरीत उभे राहिले. १ मार्च १९२७ रोजी महात्मा गांधींनी रत्नागिरी भेटीत सावरकरांच्या घरी जाऊन त्यांची भेट घेतली होती.

या गीताच्या पुढील प्रवासाचे एक बीजही रत्नागिरीच्या काळातच सापडते. तेथे असताना सावरकरांनी लिहिलेले 'संन्यस्त खड्ग' हे नाटक मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या बळवंत संगीत मंडळीने १९३१ मध्ये रंगभूमीवर आणले. नाटकाला रामकृष्णबुवा वझे यांचे संगीत होते. त्यातील 'मर्मबंधातली ठेव ही' आणि 'शतजन्म शोधितांना' ही पदे दीनानाथांच्या गायनाने गाजली. मंगेशकर कुटुंबाचा सावरकरांच्या काव्याशी असलेला संबंध येथून दृढ झाला. दीनानाथांचे निधन १९४२ मध्ये झाले, तेव्हा हृदयनाथ अवघे चार वर्षांचे होते.

चाल आणि गायन

१९४३ मध्ये वा. गो. मायदेव यांनी संपादित केलेल्या 'सावरकरांची कविता' या संग्रहामुळे सावरकरांची विखुरलेली काव्ये एकत्र आली. तरीही 'सागरास' ही मुख्यतः वाचनाची कविता होती. हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालीने ती गाण्यात रूपांतरित झाली. लता मंगेशकर, हृदयनाथ आणि त्यांच्या भगिनी अशा एकाच घरातील अनेक आवाजांत ते ध्वनिमुद्रित झाले आहे.

मूळ रचना एका माणसाचे स्वगत असताना ती अनेक कंठांतून गायली जाणे हा चालीचा महत्त्वाचा निर्णय म्हटला पाहिजे. त्यामुळे व्यक्तीची तळमळ समुदायाची होते. गीत चित्रपटासाठी वा नाटकासाठी बनलेले नाही. कठीण संस्कृत शब्दांची ही रचना त्या आधारावाचून लोकप्रिय झाली, याचे मोठे श्रेय ओघ न तोडता शब्द स्पष्ट ठेवणाऱ्या गायनाला जाते. हृदयनाथांनी पुढे 'शिवकल्याण राजा' (१९७४) या ध्वनिमुद्रिकेत सावरकरांचेच 'हिंदुनृसिंहा प्रभो शिवाजीराजा' हे गीतही घेतले.

आकाशवाणीसंबंधीचा वाद

गीताच्या चालीशी एक वाद जोडलेला आहे. सावरकरांची कविता स्वरबद्ध केल्यामुळे तरुणपणी आपल्याला आकाशवाणीतील नोकरी गमवावी लागली, असे हृदयनाथ मंगेशकर यांनी मुलाखतीत सांगितले आहे. लता मंगेशकर यांच्या निधनानंतर दोनच दिवसांनी, ८ फेब्रुवारी २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी राज्यसभेतील भाषणात या घटनेचा उल्लेख केला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या गळचेपीचे उदाहरण म्हणून तो करण्यात आला होता. काँग्रेसच्या नेत्यांनी आणि काही भाष्यकारांनी या कथनावर आक्षेप घेतला. त्यामुळे हा प्रसंग हृदयनाथांचे स्वतःचे कथन म्हणूनच नमूद केला जातो.

त्या काळाची पार्श्वभूमी मात्र स्पष्ट आहे. महात्मा गांधींच्या हत्येच्या खटल्यात सावरकर आरोपी होते आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले होते. तरीही त्यांच्या नावाभोवतीचा तणाव पुढील अनेक वर्षे टिकून राहिला.

प्रतिसाद आणि प्रभाव

महाराष्ट्रात स्वातंत्र्यदिन व प्रजासत्ताक दिनाचे कार्यक्रम, शालेय समूहगान स्पर्धा आणि देशभक्तिपर गीतांच्या मैफली यांत हे गीत नियमितपणे गायले जाते. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत त्याला वेगळा अर्थ प्राप्त झाला आहे. शिक्षणासाठी समुद्रापार जाणे आणि परतणे लांबत जाणे हा अनुभव तेथे घरचाच आहे. तथापि, मूळ गीतातील परतण्याची इच्छा ही केवळ घराची ओढ नसून मिळवलेले ज्ञान देशाच्या कामी लावण्याची निकड आहे, याची नोंद घेणे आवश्यक आहे.

सावरकर हे आजही तीव्र मतभेदांचे विषय आहेत. त्यांची हिंदुत्वविषयक मांडणी, अंदमानातून सरकारकडे केलेले सुटकेचे अर्ज आणि गांधीहत्येच्या खटल्यातील आरोप यांवर समर्थक व टीकाकार परस्परविरोधी निष्कर्ष काढतात. गीताच्या स्वीकारातही हे मतभेद उमटतात. काहींना ते कवीच्या संपूर्ण जीवनकार्याचे प्रतीक वाटते. काही जण कवीची राजकीय भूमिका बाजूला ठेवून त्याकडे विरहकाव्य म्हणून पाहतात. 'हिंदुत्व' हा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. गीत त्याच्या चौदा वर्षे आधीचे असून त्याचा रोख इंग्रजी सत्तेवर आहे, ही बाब दोन्ही वाचनांना उपयुक्त ठरते.

देशाला दुरावलेल्यांचे गीत समूहाचे गीत होण्याची उदाहरणे इतरत्रही आहेत. व्हेर्दी यांच्या 'नाबुक्को' (१८४२) या संगीतिकेतील निर्वासित ज्यूंचे समूहगान पुढे इटलीच्या राष्ट्रभावनेचे गीत मानले गेले. ज्या मॅझिनीचे चरित्र सावरकरांनी मराठीत आणले त्याच्याच राष्ट्रीय चळवळीच्या स्मृतीशी ते जोडले गेले आहे. दोन्ही ठिकाणी मूळ प्रसंग मागे पडला आणि गाणाऱ्यांनी त्यात आपला काळ वाचला.

हेही पाहा

• माझी जन्मठेप
• संन्यस्त खड्ग
• पतितपावन मंदिर, रत्नागिरी
• कवी गोविंद
• हृदयनाथ मंगेशकर